सही करायच्या आधीचे सहा महिने : एका घटस्फोटाचं प्रकरण

नावं बदललीत, आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, बाकी घडलं ते असंच. मानसी माझी चुलत बहीण. "दादा, लिही तू, माझ्यासारखी अजून कुणी असेल" असं तिनेच सांगितलं म्हणून लिहितोय. मी वकील नाही, एका कंपनीत अकाउंट्स बघतो. या सगळ्यात माझं काम कागदाच्या फायली लावणं आणि वकील मॅडमच्या केबिनमध्ये शेजारी बसणं एवढंच होतं. पण आकड्यांची सवय असल्यामुळे काही गोष्टी खटकल्या, त्या खटकल्या म्हणूनच पुढचं बरंचसं नीट झालं असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

लग्न डिसेंबर २०१४ ला, साताऱ्यात, रीतसर. निखिल पुण्यात आयटीमध्ये, मानसी तिथेच एका कंपनीत एचआरला. २०१७ मध्ये मुलगा झाला, तिने नोकरी सोडली (सोडायला लावली की सोडली यावर दोघांचं आजही एकमत नाही, ते जाऊदे). २०१८ मध्ये फ्लॅट घेतला, ६२ लाखांचा, दोघांच्या नावावर. ४८ लाखांचं होम लोन, तेही दोघांच्या नावावर, कारण मालकीत नाव असेल तर बँक सहकर्जदार म्हणून सही घेतेच, मग पगार असो नसो. उरलेल्या १४ लाखात ९ मानसीचे होते, पीएफ आणि एफडी मोडून, आणि ५ काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चेकने दिलेले. हा चेकने हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला आला.

भांडणं कशावरून हे सगळं लिहीत नाही. दोन्हीकडचं ऐकलं तर दोन वेगळी लग्नं झाल्यासारखं वाटतं. सासूबाई सोबत राहायला आल्या, लॉकडाऊनमध्ये सगळे एका घरात, पैशाचा हिशोब मागणं, बोलणं बंद, एकदा धक्काबुक्की. जून २०२१ मध्ये मानसी मुलाला घेऊन साताऱ्याला आली, दोन बॅगा घेऊन. बॅगांमध्ये काय होतं तर मुलाचे कपडे, औषधं आणि एक रेनकोट. फ्लॅटचं ॲग्रीमेंट, लोनची कागदं, तिची पासबुकं, लग्नाच्या दागिन्यांच्या पावत्या, सगळं पुण्यातल्या कपाटात.

अडचण नेमकी काय होती

ऑगस्टमध्ये निखिलच्या वकिलाची नोटीस आली. तुम्ही काही कारण नसताना घर सोडून गेलात, पंधरा दिवसांत नांदायला या, नाहीतर कायदेशीर कारवाई. काकांनी ती वाचली, घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या मागे ठेवून दिली. वीस दिवस. मला कळलं ते गणपतीला गेलो तेव्हा, देव्हारा पुसताना काकूंच्या हाताला लागली म्हणून. नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून केस हरत नाही कुणी, पण पुढे कोर्टात पहिला प्रश्न येतो की मग तेव्हा गप्प का बसलात. उशिरा का होईना उत्तर गेलं.

डिसेंबर २०२१ मध्ये निखिलने पुण्याच्या फॅमिली कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज टाकला. त्यात एक पान होतं व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटचं. मानसीच्या सख्ख्या भावाने फॅमिली ग्रुपवर रात्री अकरा वाजता टाकलेलं "एकेकाला बघून घेतो". बिचारा रागात लिहून गेला आणि सकाळी विसरला, पण समोरच्या वकिलाने त्याला पिवळ्या हायलायटरने रंगवून जोडलेलं होतं.

तर आता अडचणी अशा होत्या की तिच्याकडे उत्पन्न नाही म्हणण्यासारखं (ऑनलाइन ट्यूशनचे महिन्याला नऊएक हजार), ४८ लाखांच्या कर्जावर तिची सही, फ्लॅट निखिलच्या ताब्यात, दागिने सासूबाई आणि निखिल यांच्या जॉइंट लॉकरमध्ये, आणि मुलगा चार वर्षांचा. आणि घरात प्रत्येकाचा एकेक सल्ला.

ते सल्ले लिहून ठेवण्यासारखे आहेत. एक काका म्हणाले शंभराच्या स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून घ्या, नोटरी करा, विषय संपला. अजिबात संपत नाही. एखाद्या समाजात तशी जुनी रूढी सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी, नाहीतर हिंदू विवाह कोर्टाच्या डिक्रीशिवाय (निकालाच्या हुकमाशिवाय) मोडत नाही, तो स्टॅम्प पेपर घेऊन दुसरं लग्न केलं तर ते लग्नच बेकायदेशीर. दुसरं, आत्या म्हणाली नवऱ्याच्या इस्टेटीत अर्धा वाटा बायकोचा असतोच. हे पण नाही. आपल्याकडे घटस्फोटात संपत्ती आपोआप अर्धी होत नाही, कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी घातले हे बघतात. गोव्यात जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, तिथे चित्र वेगळं, आत्याने बहुतेक तिकडचंच काहीतरी ऐकलं असणार. आणि तिसरं, घर सोडून आलीस म्हणजे घरावरचा हक्क गेला. तो पण जात नाही. नाव आहे ते आहेच, आणि नाव नसतं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहण्याचा हक्क मागता येतो.

समोर कोणते पर्याय होते

वकील मॅडमकडे पहिल्या दिवशी दोन तास गेले. त्यांनी आधी मानसीला विचारलं, "तुला नक्की काय हवंय, नवरा हवाय, घर हवंय, का मोकळं व्हायचंय?" आम्ही सगळे गप्प. ती म्हणाली, "मुलगा आणि माझे पैसे." बाकी सगळं त्याच्यावर ठरलं.

पहिला पर्याय, लढायचं. त्याचा क्रूरतेचा अर्ज आहे, आपण आपलं म्हणणं द्यायचं, साक्षीपुरावे, उलटतपासणी. मॅडमचा अंदाज चार-पाच वर्षं, वर अपील. शेवटी काय लागेल सांगता येत नाही.

दुसरा, पोलीस केस. सासरच्या छळाचा गुन्हा, तेव्हाचं भारतीय दंड संहितेचं ४९८अ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५). सख्ख्या भावाचा यावर जोर होता, "एकदा पोलीस दारात गेले की येतील रांगेत". यावर मॅडम जे बोलल्या ते मला पटलं. म्हणाल्या मारहाण होत असती, जिवाला धोका असता तर मी आज दुपारीच तुम्हाला पोलीस स्टेशनला नेलं असतं, पण दबाव टाकायला म्हणून केस करायची असेल तर दोन गोष्टी समजून घ्या. एक म्हणजे २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर अशा गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही, त्यामुळे तुमच्या डोक्यातलं चित्र होणारच नाही. दुसरं, अशी फौजदारी केस एकदा उभी राहिली की ती मागे घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, म्हणजे तडजोड झाली तरी एक शेपूट राहतं. मानसीने नको म्हटलं. भाऊ महिनाभर तिच्याशी नीट बोलत नव्हता.

तिसरा, परस्पर संमती, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ब. वर्षभर वेगळं राहिलेलं असलं पाहिजे, दोघांची इच्छा पाहिजे, पहिली तारीख आणि दुसरी तारीख यात कमीत कमी सहा महिने. यात कुणाला दोषी ठरवायचं नसतं. पण संमतीला किंमत असते आणि ती किंमत कागदावर काय लिहिता त्यावर ठरते. मॅडमनी तिसऱ्याकडे कल दाखवला, पण लगेच नाही. "आत्ता बोलणी केली तर तो दहा लाख टाकेल आणि तुम्ही घ्याल, कारण तुम्हाला घाई आहे. आधी त्याला उत्पन्न सांगू दे."

इथेच पहिला मोठा निर्णय झाला, थेट तडजोडीला न बसता आधी अंतरिम पोटगीचा अर्ज.

काय काय केलं

*पोटगीचा अर्ज आणि ते ॲफिडेव्हिट*

फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कायद्याच्या कलम २४ खाली अर्ज टाकला. आता या अर्जासोबत दोघांनाही उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्ज सगळं शपथेवर द्यावं लागतं, नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून. ठरलेला फॉर्म आहे, चांगला लांबलचक.

काका म्हणाले ट्यूशनचे पैसे कशाला लिहायचे, रोखीत तर येतात. मी नाही म्हणालो, आणि या एका बाबतीत मी घरात आवाज चढवला. कारण एक तर ते रोखीत येत नव्हते, गूगल पे वर येत होते, आणि शपथेवर खोटं सापडलं तर तिचं बाकीचं खरंही कुणी ऐकणार नाही. लिहिले नऊ हजार.

निखिलने महिना ७८ हजार लिहिलं. जोडलेली स्लिप बघितली तर खाली हातात येणारी रक्कम ७८ होती खरी, पण वर कपाती वाचल्या तर त्यात स्वतःहून वाढवलेला पीएफ, एक विम्याचा हप्ता, कंपनीच्या शेअर स्कीमचे पैसे. शिवाय वर्षाचा व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर मिळणारा पगार, कुठेच नाही. मॅडमनी फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा कागद) मागायला लावला. त्यातून महिन्याची सरासरी १ लाख १५ हजारांच्या आसपास निघाली. स्वतःच्या बचतीसाठी कापलेले पैसे हे उत्पन्न नाही असं कसं म्हणता, एवढाच युक्तिवाद. कायद्यात असा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा म्हटलंय, आमचा मे महिन्यात झाला. मागितले होते ४० हजार, मिळाले २२, तिचे १२ आणि मुलाचे १०, अर्जाच्या तारखेपासून.

२२ हजार काही फार नव्हेत. पण त्या ऑर्डरनंतर समोरच्यांचा सूर बदलला, पहिल्यांदा त्यांच्याकडून "बसून बोलूया" आलं.

जाता जाता एक, महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, मालमत्तेच्या वादात बायकांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असो. आम्ही खासगी वकील घेतला, पण ज्यांना झेपत नाही त्यांनी जिल्हा कोर्टातल्या त्या ऑफिसात जावं.

*दागिने*

पावत्या पुण्यात. मग मोजायचं कशावरून? काकूंनी लग्नाचा अल्बम काढला, माझी मोठी मावशी पण आलेली, आणि दोघी भिंग घेऊन बसल्या. पान पान उलटत. "ही ठुशी आपली, सराफाकडची, ही मोहनमाळ त्यांच्याकडची, सूनमुखाला घातलेली." "तोडे बघ, हळदीच्या फोटोत नाहीत, सप्तपदीत आहेत." एका फोटोत मानसी रुखवताच्या शेजारी हात जोडून उभी आहे, दोन्ही हातात पाटल्या, बांगड्या, तोडे असं सगळं स्पष्ट. तो फोटो मोठा करून जोडला. सराफाकडे काकांच्या नावाने जुनी बिलं निघाली, डुप्लिकेट दिली त्यांनी, दोन दिवसांत.

सासूबाईंचं म्हणणं की आम्ही घातलेलं आमचं. तसं नसतं. लग्नात आणि लग्नाच्या निमित्ताने बाईला दिलेलं, माहेरचं असो की सासरचं, ते स्त्रीधन, पूर्ण तिचं, सासरी ठेवलं असेल तर ते फक्त सांभाळायला दिलेलं असतं. सुप्रीम कोर्टाने हे १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. लॉकर उघडला, यादीप्रमाणे जवळजवळ सगळं आलं. तोडे आले नाहीत. "नव्हतेच" म्हणाल्या. फोटो दाखवला तर "ते भाड्याचे होते". आणि तोड्यांचं बिलच नेमकं सराफाकडे सापडलं नव्हतं. सोडले.

*बोलणी*

कोर्टाच्या समुपदेशकांसमोर चार बैठका झाल्या. फॅमिली कोर्टात हा टप्पा असतोच, आधी समेट होतोय का बघतात, मग निदान तडजोड होतेय का. त्या बाई फार शांत. निखिल तिथे पहिल्यांदा म्हणाला की मुलगा मला बुधवारी संध्याकाळी आठवतो कारण बुधवारी आम्ही दोघं भेळ खायला जायचो. सगळ्या कागदपत्रात न आलेली ती एकच गोष्ट, आणि तिच्यामुळे भेटीचं वेळापत्रक एका बैठकीत ठरलं. दुसरा-चौथा शनिवार-रविवार बापाकडे, बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, गणपतीचे पाच दिवस बापाकडे कारण त्यांच्या घरी बसतो, दिवाळीत पाडव्यापर्यंत आईकडे.

पैशाचं मात्र ताणलं. तो १२ पासून, ही ३५ पासून. फ्लॅटची तेव्हाची किंमत ८० धरली, कर्ज शिल्लक साधारण ४३. म्हणजे उरतात ३७, त्याचा अर्धा साडेअठरा. तो म्हणे हप्ते सगळे मी भरले. बरोबर होतं. ही म्हणे सुरुवातीचे १४ आमचे. तेही बरोबर, आणि काकांचा चेक बँक स्टेटमेंटला दिसत होता म्हणून त्यावर वाद झाला नाही. रोख दिले असते तर आज ते पाच लाख हवेत गेले असते.

शेवटी ठरलं २४ लाख. १४ फ्लॅटमधल्या हिश्शाचे, १० एकरकमी कायमची पोटगी. फ्लॅट निखिलचा. मुलाला महिना १८ हजार, दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ, शाळेची अर्धी फी थेट शाळेला.

एकरकमी की महिन्याला, यावर घरात दोन तट होते. महिन्याची पोटगी पुढे कमीजास्त होऊ शकते, तिने दुसरं लग्न केलं तर बंद होऊ शकते, आणि दर महिन्याला त्याच्या तोंडाकडे बघायचं. एकरकमीत हा व्याप संपतो, करातही फरक आहे, मुंबई हायकोर्टाच्या जुन्या निकालाप्रमाणे एकरकमी पोटगी उत्पन्न धरत नाहीत, महिन्याची धरतात. पण एकदा "यापुढे पोटगीचा हक्क सोडला" लिहिलं की लिहिलं. तिने एकरकमी घेतली. मुलाचं मात्र वेगळं, आईने सही केली म्हणून मुलाचा पोटगीचा हक्क सुटत नाही, आणि तसं कलम घालायचा प्रयत्न पहिल्या ड्राफ्टमध्ये झाला होता, मॅडमनी लाल पेनाने काट मारली.

*ड्राफ्ट*

इथे मी जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळा घटस्फोट या आठ पानांत होता. लोक वकील शोधताना, भांडताना, तारखांना जी शक्ती घालवतात त्याच्या पावपट तरी संमतीच्या अटी वाचायला घालवावी. संमतीने झालेल्या डिक्रीवर अपील नसतं.

समोरून आलेल्या ड्राफ्टमध्ये एक वाक्य होतं, "सदर गृहकर्जाची संपूर्ण जबाबदारी यापुढे अर्जदार क्र. १ यांची राहील." अर्जदार क्र. १ म्हणजे निखिल. ऐकायला छान. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी रात्री परत वाचलं आणि झोप लागेना, कारण बँक कुठे आहे यात? बँकेने कर्ज दोघांना दिलंय, दोघांनी आपसात काय लिहिलं त्याच्याशी बँकेला काही देणंघेणं नाही. उद्या निखिलने हप्ते थकवले तर नोटीस मानसीला पण येणार, सिबिल (कर्जफेडीची नोंद) तिचं पण खराब होणार, आणि घर तर तिचं उरलेलंच नसणार. सकाळी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या बरोबर, आणि अट बदलली : दुसऱ्या तारखेच्या आत बँकेचं पत्र पाहिजे की मानसीला सहकर्जदार म्हणून मुक्त केलंय.

दुसरी गोष्ट क्रमाची. मूळ ड्राफ्टमध्ये आधी फ्लॅटचा कागद करून द्यायचा आणि "त्यानंतर योग्य वेळी" पैसे. योग्य वेळ म्हणजे काय ते पंचांगातही सापडणार नाही. आम्ही तीन हप्ते केले : अर्ज दाखल करताना ५ लाख, सबरजिस्ट्रारकडे सही करतानाच १४ लाखांचा डीडी, आणि दुसऱ्या तारखेला जज्जसाहेबांसमोर ५ लाखांचा डीडी. हे असं करायचं कारण संमती शेवटपर्यंत टिकावी लागते, सहा महिन्यांत कुणीही मागे घेऊ शकतं. मग कुणीही मागे फिरला तरी तोवर जेवढं दिलं-घेतलं त्याचा तोल राहिला पाहिजे.

तिसरं, निखिलला बक्षीसपत्र हवं होतं, कारण नवराबायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये. मॅडम नाही म्हणाल्या. बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं, आणि इथे तर १४ लाख मोबदला आहे, खोटा कागद करून पुढची कटकट नको. मोबदला घेऊन हक्कसोडपत्र केलं, त्याला शुल्क खरेदीखतासारखं, अडीच लाखांच्या आसपास. ते कुणी भरायचं यावर तीन आठवडे गेले. शेवटी त्याने भरलं, तिने गाडीवरचा हक्क सोडला. मोबदल्यात १४ लाख आणि तिच्या वाट्याच्या कर्जाची जबाबदारी असं दोन्ही लिहिलं, मी हट्टाने लिहायला लावलं, नाहीतर इन्कम टॅक्सच्या दृष्टीने अर्धा फ्लॅट सरकारी किमतीपेक्षा फार स्वस्तात दिल्यासारखं दिसलं असतं. इंडेक्सेशन धरून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून, तिचा भांडवली नफा शून्य आला.

*ते सहा महिने*

ऑक्टोबर २०२२ मध्ये आधीचा अर्ज मागे घेऊन १३ब चा अर्ज दाखल. सहा महिने माफ करून घ्यावेत असं दोघांनाही वाटत होतं. २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर निकालाने कोर्टाला ते माफ करता येतात, पण त्यातली एक अट अशी की पहिल्या तारखेच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं. आमचे सोळा महिने भरत होते. दोन महिने कमी. मॅडम म्हणाल्या अर्ज टाकून बघू शकतो, पण मी असते तर थांबले असते.

थांबलो ते बरंच झालं. कारण बँकेत कोंबडी आधी की अंडं सुरू झालं. बँक म्हणे फ्लॅट एकाच्या नावावर झाला की नाव काढू, सबरजिस्ट्रारकडे जायचं तर बँकेची एनओसी पाहिजे. शिवाय एकट्या निखिलच्या पगारावर तेवढं कर्ज बसत नव्हतं, पाच लाख आधी भरा म्हणाले. त्याने पीएफमधून काढून भरले, घर कर्ज फेडायला तसे काढता येतात. फेब्रुवारीत तो वैतागला, "एवढं करण्यापेक्षा मी संमतीच मागे घेतो" असा मेसेज आला. मानसीने उत्तर दिलं नाही, मला फॉरवर्ड केला, मी मॅडमना. मॅडमनी समोरच्या वकिलांना शांतपणे आठवण करून दिली की मग तुमचा क्रूरतेचा अर्ज पहिल्यापासून, आणि आमचा पोटगीचा अर्जही पुन्हा. चार दिवसांनी त्याचे वडील काकांना भेटायला साताऱ्याला आले. दोघं बाहेर ओट्यावर बसले, चहा झाला, काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. पैशाची उरलेली सोय त्या वडिलांनी केली एवढं कळलं.

मार्च २०२३ मध्ये बँकेचं तत्त्वतः मंजुरीचं पत्र, मग हक्कसोडपत्र आणि १४ लाखांचा डीडी, मग नवीन कर्जाचे कागद, आणि मानसीला मुक्त केल्याचं शेवटचं पत्र दुसऱ्या तारखेच्या तीन दिवस आधी.

निकाल

एप्रिल २०२३. शिवाजीनगरच्या कोर्टात सकाळी साडेदहाला गेलो, आत प्रत्यक्ष दहा मिनिटं. जज्जनी दोघांना वेगवेगळं विचारलं, स्वतःच्या मर्जीने आहे ना, कुणाचा दबाव नाही ना, अटी वाचल्यात ना. पाच लाखांचा डीडी दिला. डिक्री झाली. बाहेर निखिलने मुलाचा शाळेतला रिपोर्ट मागितला, तिने फोनवर पाठवला.

लग्न मोडायला अर्ज टाकल्यापासून सोळा महिने. मुलाचे पैसे आजवर दोनदा उशिरा आले, थकले नाहीत. मानसी पुन्हा एचआरला लागलीय, पुण्यातच भाड्याने राहते.

परत वेळ आली तर

घर सोडताना कागद. मूळ प्रती नाही जमल्या तरी फोटो. ॲग्रीमेंट, लोन स्टेटमेंट, त्याच्या दोन-तीन स्लिपा, दागिन्यांची बिलं. अर्ध्या तासाचं काम, जे आम्ही नंतर सात-आठ महिने करत बसलो. तोड्यांचं बिल कपाटातच होतं असं मानसीला आजही पक्कं आठवतं.

नोटीस आली त्या आठवड्यात वकील गाठायचा होता. आणि केस होईपर्यंत घरच्यांनी फॅमिली ग्रुप सोडायचे, किंवा गुड मॉर्निंगच्या पुढे जायचं नाही.

सिबिल मी दोन महिन्यांनी तपासायला सांगायला हवं होतं, ते राहिलं. तिने स्कूटरसाठी लोन मागितलं तेव्हा कळलं की ते होम लोन अजून तिच्या नावावर दिसतंय. बँकेने पत्र दिलं पण वर कळवलंच नव्हतं. ते पत्र हातात होतं म्हणून महिनाभरात दुरुस्त झालं. तसंच नॉमिनीचं, तिच्या विमा पॉलिसीवर डिक्रीनंतर वर्षभर निखिलच नॉमिनी होता. डिक्रीची प्रमाणित प्रत काढताना तीन-चार काढून घ्याव्यात, प्रत्येक जण ती मागतो.

एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही, २४ वर थांबायला हवं होतं का. ऑर्डरनंतर अजून सहा महिने ताणलं असतं तर २८-३० झाले असते असं भाऊ म्हणतो. असेलही. मानसी म्हणते त्या सहा महिन्यांची किंमत तू लाव मग बोलू.

आणि अटींमध्ये एक गोष्ट आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नाही, मुलाचा पासपोर्ट. ताबा आईकडे लिहिलं, भेटी लिहिल्या, गणपतीचे दिवस लिहिले, पण पासपोर्टसाठी वडिलांची संमती गृहीत धरली जाईल हे एक वाक्य लिहिलं नाही. आता तिच्या ऑफिसची दुबईची ट्रिप आहे, मुलांना न्यायला परवानगी आहे. संमतीच्या फॉर्मची प्रिंट काढून ठेवलीय. बुधवारचा कॉल झाला की निखिलला विचारणार म्हणाली.